बिबट्या छापाचा हंगाम

जानेवारीतल्या एका रविवारी माझी पुतणी पुण्याहून हुरड्याला आली. सोबत तीन मैत्रिणी. ती गाडीतून उतरली आणि ओट्यावर तांदूळ पाखडत बसलेल्या माझ्या आईच्या हातातलं सूप हवेतच थांबलं. पोरीच्या अंगावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बिबट्या होता.

बिबट्या म्हणजे बिबट्याचा छाप. पिवळसर कापडावर काळी तुटकी वर्तुळं, आणि खांद्यावर त्याच छापाचा, चादरीएवढा रुंद स्टोल. ज्या कुत्र्याला तिनं लहानपणी बिस्किटं घालून वाढवलं, ते एकदाच भुंकलं आणि ट्रॉलीखाली शिरलं. चहा होईपर्यंत बाहेर आलं नाही.

"आजी, लेपर्ड प्रिंट! सध्या सगळीकडे हेच आहे."

"सगळीकडं हायेच की," आई म्हणाली. "परवा खालच्या मळ्यात व्हता."

पुतणी पुण्यात फॅशनचं शिक्षण घेते. असं शिक्षण असतं हे आईला पटवण्यात आमचं पहिलं वर्ष गेलं. त्याला फी असते, हे अजून सांगितलेलं नाही.

आमचं वडगाव रासाई शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. नदी ओलांडली की दौंड तालुका. दोन्ही काठांना ऊस आणि उसात बिबट्या. डोंगरातला बिबट्या वाट चुकून उसात येतो ही आमच्या वडिलांच्या काळातली गोष्ट. आताचा उसातच जन्मतो, उसातच वाढतो, डोंगर त्यानं पाहिलेलाही नसतो. तोड सुरू झाली की सरीत बछडे सापडतात. त्याला आता बागायतदारच म्हणायला हवं. फक्त सातबाऱ्यावर नाव लागायचं राहिलंय.

हे सगळंच हसण्यावारी नेण्याजोगं नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, वीसेक दिवसांत तीन माणसं गेली. त्यात दोन लेकरं होती. तेव्हापासून दिवेलागणीला प्रत्येक घरातून पोरांना हाका सुरू होतात आणि शेवटचं पोर आत आल्याशिवाय थांबत नाहीत. अशा गावात पोरगी बिबट्या नेसून आली होती.

तिनं आम्हाला इतिहास सांगितला. पॅरिसच्या ख्रिस्तियन डिओरनं १९४७च्या फेब्रुवारीत आपले पहिले कपडे जगाला दाखवले, त्यांत हा छाप होता. तेव्हापासून तो दर थोड्या वर्षांनी परत येतो. बिबट्याच्या अंगावर ही नक्षी असते ती त्यानं कुणाला दिसू नये म्हणून. बाईनं ती घ्यायची ती सगळ्यांना दिसावं म्हणून. हे मला फार पटलं, मी मानही डोलावली. आई मात्र शांतपणे सूप खाली ठेवून म्हणाली,

"ते समदं खरं. पर कशापायी?"

आईचा हा प्रश्न आमच्या घरात साठ वर्षं चालू आहे. कुठलाही नवा कपडा उंबऱ्याच्या आत आला की त्याची आधी 'कशापायी'शी गाठ पडते. काकांच्या गॉगलची पडली होती. माझ्या बेलबॉटमची पडली होती. धाकट्या भावानं 'मैंने प्यार किया' बघून इंग्रजी अक्षरांची टोपी आणली, तिला दोन दिवस उत्तर सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी आईनं ती अंडी ठेवायला घेतली. अंड्यांपायी आणली होती म्हटल्यावर भांडण मिटलं.

आता हंगाम म्हणजे काय, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. पण फॅशनचा हंगाम निराळा असतो. तिकडं मोठे हंगाम दोन, वसंत-उन्हाळा आणि शरद-हिवाळा. तमाशाचा फड जत्रांमागून जत्रा करत फिरावा तसा फॅशनचा फड फेब्रुवारी-मार्चात न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस असा फिरतो आणि येत्या हिवाळ्याचे कपडे दाखवतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा तोच दौरा, तेव्हा पुढच्या उन्हाळ्याचे. म्हणजे तिकडं उन्हाळ्याआधीच थंडीची आणि थंडीआधीच उन्हाळ्याची काळजी. पुतणीला वाटलं, सहा महिने आधीचा विचार ऐकून मी थक्क होईन. पण मी आडसाली ऊस लावणारा माणूस. जुलै-ऑगस्टात कांडी पुरायची आणि दीड वर्षानं मोळी बांधायची. फरक एवढाच, की त्यांची मॉडेल ठरल्या मिनिटाला रॅम्पवर येते. आमची तोड ठरल्या महिन्याला फडात येत नाही.

उसाच्या शेतीत एक शब्द आहे, जो फॅशनच्या शाळेत शिकवायला हवा: खोडवा. ऊस तुटला की बुडखा जमिनीत राहतो. पाणी दिलं की तो परत फुटतो. नवीन बेणं नको, लागवड नको, फक्त पाचट आवरायचं. फॅशनमध्ये नव्यानं लावलेलं फारच थोडं असतं, बाकी सगळा खोडवा. पुतणीची मैत्रीण पायात घोळणारी पँट घालून आली होती, ती मी कापडासकट ओळखली. १९७९ साली मी मांडवगणच्या शिंप्याकडून टेरिकॉटची बेलबॉटम शिवून घेतली होती. मोहरी चोवीस इंच. शिंपी म्हणाला होता, "एवढ्या कापडात तुझ्या बापाची पँट होईल." तरी शिवली. पहिल्याच दिवशी उजवी मोहरी सायकलच्या चेनीत गेली आणि मी, सायकल आणि बेलबॉटम असे तिघं एकदम पाटात गेलो. आईनं विचारलं, "कशापायी?" पायांपायीच, असं मला म्हणता आलं असतं, पण तेव्हा तोंडात चिखल होता.

तीच पँट आता 'वाइड लेग' या नावानं फुटून आली आहे. खोडव्याचाही खोडवा निघतो, त्याला निडवा म्हणतात. एकरी उतारा दरवेळी घटतो, पण तो उसाचा. फॅशनचा भाव दर खोडव्याला चढत जातो.

हुरडा मळ्यात होता. आगटीत गोवऱ्या फुलल्या होत्या, चुलतभाऊ कणसं भाजून हातावर चोळत होता, ताटल्यांत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. पुतणी आजीशेजारी मांडी घालून बसली आणि तिनं मोबाईलवर रॅम्प लावला. आईला रॅम्प म्हणजे म्हशी ट्रकात चढवायची उतरती फळी. त्यामुळे पहिली मॉडेल आली तेव्हा ती जराशी सरसावून बसली.

पहिली बाई आली ती रेशमी झग्यात. पातळ नाड्या, खाली लेस. पुतणी म्हणाली, हा स्लिप ड्रेस. आत घालायचा तो बाहेर घालायचा, हीच त्याची गंमत. १९९६ साली राजकन्या डायना न्यूयॉर्कच्या मोठ्या समारंभात डिओरचा असाच निळा झगा घालून गेली आणि त्याचे फोटो अजून छापून येतात.

"गाऊन हाय ह्यो," आई म्हणाली.

आणि तो गाऊनच होता. डायनाच्या आगेमागेच आमच्याकडं गाऊन आला. तो रात्री निजताना घालायचा असतो, असं तो विकणाऱ्यानं सांगितलं होतं. आमच्या बायकांनी ऐकून घेतलं आणि सकाळी घातला. खांद्यावर एक ओढणी टाकली की गाऊन सभ्य होतो. मग त्यावर पिठाची गिरणी, डेअरी, रेशन, पोराच्या शाळेत मास्तरांची भेट, काहीही चालतं. ओढणी नसेल तर टॉवेल. घाईच असेल तर टॉवेलही नको, दारात नुसतं अर्धं उभं राहायचं. झोपेचा कपडा चारचौघांत आणण्याबद्दल पॅरिसला बक्षिसं मिळतात. आमच्या आळीला कुणी श्रीफळही दिलं नाही.

पण गाऊनला कारण होतं, हेही सांगायला हवं. नऊवारी नेसून आयुष्य काढलेल्या आईनंच एकदा मला सांगितलं होतं. पहाटे चारला उठून शेण, पाणी, धारा, चूल करायची, त्यात ओच्या-निऱ्या सांभाळायच्या. सुनेच्या अंगात गाऊन बघितल्यावर आईनं 'कशापायी' विचारलं नाही. तिनं फक्त म्हटलं, "आमच्या टायमाला का न्हवता?"

दुसरी बाई आली ती लांब घोळदार वस्त्रावर पुरुषाचा ढगळ शर्ट घालून. बाह्या मनगटाच्याही खाली. याला लेअरिंग म्हणतात. आईनं मोबाईल हातात घेतला, डोळ्याजवळ नेला आणि विचारलं, "कुठल्या टोळीतली हाय?"

आईचं चुकलं नव्हतं. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडून, अहिल्यानगरकडून. त्यांतली प्रत्येक बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवते, डोक्याला रुमाल गच्च आवळते. उसाचं पातं हाताला लागलं तर ब्लेडसारखं कापतं, पाचटाची कूस अंगात शिरते, वरून ऊन. म्हणून शर्ट, म्हणून लांब बाह्या, म्हणून गळ्यापर्यंत बटणं. थंडीतल्या पहाटे मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी बाई तुम्ही पाहिली असेल, तर रॅम्पवर चालणं फार अवघड असतं, असं तुम्ही पुन्हा म्हणणार नाही.

रॅम्पवरच्या बाईच्या शर्टाची बटणं उघडी होती. "पाचाट टोचंल की तिला," आई म्हणाली. पुतणी म्हणाली, "आजी, तिथे पाचट नाही." आई म्हणाली, "मग शर्ट कशापायी?"

तिथं माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी लखलखलं, किंवा धूर डोळ्यांत गेला असेल. हे लोक कपडा उचलतात आणि कारण जागेवर ठेवतात. शर्ट गेला, पाचट इथंच. कारणाला वजन असतं, ते विमानात घेत नसावेत.

तिसरा एक गडी होता. त्याच्या कमरेला टॉवेल. पुतणीनं सांगितलं, बालेन्सियागा नावाच्या पेढीनं २०२३ साली टॉवेलचा स्कर्ट काढला, किंमत ९२५ डॉलर, आपले पंचाहत्तर हजारांच्या वर. यावर आगटीभोवती शांतता पसरली. कारण आमच्या गावात सकाळी सात ते नऊ या वेळात तो ट्रेंड दर घराच्या ओट्यावर उभा असतो. एका हातात टूथब्रश, दुसऱ्या हातानं गाठ धरलेली आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी ग्रामपंचायतीच्या राजकारणावर सविस्तर चर्चा. माझे वडील असेच उभे राहत. त्याच पोशाखात त्यांनी दोन सोयरिकी जमवल्या आणि एक म्हैस विकली.

चपलेचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २०२५च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या रॅम्पवर पुरुषांच्या पायात कोल्हापुरी दिसली आणि कोल्हापूरचं नाव कुठंच दिसलं नाही. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, महाराष्ट्र-कर्नाटकाच्या आठ जिल्ह्यांच्या नावावर. ओरड झाली, प्राडानं मूळ मान्य केलं, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून दोन हजार जोड इथंच बनवायचे ठरवलं. जोडाला आठशे युरोच्या आसपास. आईला यात किमतीचं काही वाटलं नाही. तिनं विचारलं, "वाजती का?" माझ्या आज्याची चप्पल वाजायची. तळव्याच्या थरांत बी घालून करकर काढलेली असायची. आजा वेशीत शिरला की घरात सुनांचे पदर डोक्यावर जायचे, पोरं पुस्तकं उघडायची. मिलानची चप्पल मुकी निघाली. आजा मुक्या चपलेनं घरी आला असता तर घरातलं अर्धं वळण त्याच दिवशी मोडलं असतं.

आता मी आईची बाजू घेतोय असं वाटेल. तसं नाही. 'कशापायी'चा कारभारही धुतल्या तांदळासारखा नसतो.

नवरात्राचे नऊ रंग घ्या. या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र टाइम्सनं रोज एक रंग छापायला सुरुवात केली आणि बघता बघता ती रीत झाली. आता लोकांना वाटतं, ते पुराणात आहे. फॅशनवाले वर्षभर डोकं खाजवून एक रंग ठरवतात आणि तो चालेल की नाही म्हणून देव पाण्यात ठेवतात. इकडं सकाळी पिवळा म्हटलं की बँकेपासून बचत गटापर्यंत, अंगणवाडीपासून मुंबईच्या लोकलपर्यंत अख्खा महाराष्ट्र हळदीला बसल्यासारखा पिवळा. एवढी हुकमत कुठल्या डिझायनरची नाही.

त्या रंगांत मधूनच करडा येतो. करडी साडी कुणी हौसेनं घेत नाही. लग्नात चालत नाही, सणाला चालत नाही, आहेरात आली तर देणाऱ्याचं नाव लक्षात राहतं. पण करड्याच्या आदल्या दिवशी शिरूरच्या दुकानांतून करड्या साड्या नाहीशा होतात. माझ्या बायकोकडं एक आहे. ती वर्षातून एक दिवस निघते, फोटो काढते आणि परत कपाटात जाते. एवढी रजा आमच्या बैलालाही मिळाली नव्हती, त्याला निदान पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुंपत होते.

गेल्या नवरात्रात करड्याच्या दिवशी मी देवळात गेलो, तर बायकांच्या रांगेत पुढून तिसरी माझी आई. अंगावर करडं लुगडं. ते तिनं कुणाकडून तरी मागून आणलं होतं. मी साठ वर्षांचा सूड घेतल्यासारखा वाकून कानात विचारलं, "आई, कशापायी?"

"गप ऱ्हा," ती म्हणाली. "फोटू काढायलेत."

म्हणजे सगळ्यांनी घातलंय, हे कारण आईलाही चालतं. फक्त सगळ्यांत तिची माणसं असायला हवीत. मिलानमध्ये तिच्या ओळखीचं कुणी नाही.

सगळ्यांनी घातलंय म्हणून घालण्यात माझेही हात पोळले आहेत. २०१४नंतर बिनबाह्यांच्या जाकिटांचं पीक आलं होतं. मी दोन वर्षं दम धरला आणि तिसऱ्या वर्षी फिक्या निळ्या रंगाचं शिवलं. कांद्याचंही असंच होतं. शेजाऱ्याला भाव मिळाला म्हणून पुढच्या साली बांधाबांधाला कांदा होतो, आणि आपला काढायला येतो तेव्हा व्यापारी गोणीकडं बघतही नाही. वैशाखातल्या एका लग्नाला ते जाकीट घालून गेलो, तर नवरदेवाच्या सगळ्या चुलत्या-मामांनी त्याच ताग्यातलं शिवलेलं. मी नवरीकडचा. पण मांडवात शिरताच मला वरपक्षात ओढलं, फेटा बांधला, नारळ दिला आणि डीजेपुढं ढकललं. पाऊण तास मी अनोळखी माणसांच्या खांद्यावर हात टाकून नाचत होतो. समोर माझी बायको नवरीच्या आत्यांमध्ये बसून हे बघत होती. एकीनं तिला विचारलं, "तो येडा कोण हो?" बायको म्हणाली, "तिकडचाच दिसतोय."

खणाची गोष्ट राहिली. चोळीचं, देवीच्या ओटीचं ते कापड. काही वर्षांपूर्वी त्याच्या अख्ख्या साड्या आल्या. पुतणी तशी एक नेसून दिवाळीला आली होती. आईनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "आख्खी वटीच नेसलीस की गं!" मग पदर हातात घेऊन बोटांनी चाचपला, जरीचा काठ उलटा करून बघितला आणि हळूच विचारलं, "कितीला पडली?" हा प्रश्न आला की समजायचं, पुढच्या दिवाळीपर्यंत आईकडंही एक असणार. आहे.

तर हुरडा. सूर्य कलला तशी आई उठली. "चला घरला. येळ झाली." पोरी म्हणाल्या, "अजून थोडा वेळ, सनसेट बघू." तेव्हा चुलतभावानं पुतणीला त्याच्या मोबाईलमधला एक फोटो दाखवला. पिंपरखेडच्या माणसांचा. रानात काम करणारे लोक, बाया, म्हातारे. प्रत्येकाच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा, टोकं बाहेरच्या बाजूला. धनगराच्या कुत्र्याला लांडग्याच्या भीतीनं बांधतात तसा. बिबट्या मानगूट धरतो, म्हणून.

असे पट्टे पुतणीला ठाऊक होते. लंडनला सत्तरच्या दशकात पोरांनी बंड म्हणून गळ्यात घातले, व्हिव्हियन वेस्टवुड नावाच्या बाईनं ते दुकानात आणले, आणि नंतर ते रॅम्पवरही आले. हे सगळं ती एरवी एका दमात म्हणून दाखवते. त्या दिवशी ती फोटो नुसती बघत राहिली. त्या पट्ट्यांना कुणी कशापायी विचारलं नसतं.

निघताना आईनं तिच्या अंगावरचा स्टोल उतरवून घेतला आणि स्वतःची शाल गुंडाळली. "गाडीत बसूस्तवर तरी," म्हणाली. पुतणी शालीसकट पुण्याला गेली. स्टोल आमच्या खुंटीवर राहिला.

पुढच्या आठवड्यात आमच्या मोटारीला रात्रीची लाईट होती. शेतीची वीज दिवसा मिळाली तर शेतकरी सुखावेल, म्हणून बहुतेक ती आळीपाळीनं रात्री देतात. रात्री दीडला उठलो. थंडी अशी की श्वास दिसत होता. माझं जर्किन बायकोनं त्याच दिवशी धुवायला काढलं होतं. खुंटीवर हात गेला, तो स्टोलला लागला. ऊबदार होता, मऊ होता. अंधारात समजलं नाही असं मी घरी सांगितलं आहे, पण वाचकांशी खोटं कशाला बोलू? समजलं होतं. मनात आलं, जग घालतंय तर एकदा घालून तरी बघावं. रात्री दोन वाजता उसात कोण बघतंय?

डोक्यावरून, खांद्यावरून घेऊन मागं गाठ मारली. हातात बॅटरी, खोरं, आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्यानं भजन. बिबट्याला माणूस आल्याचं कळावं म्हणून आम्ही रात्री भजन लावतो. आमच्या भागातल्या बिबट्यांना एव्हाना हरिपाठ तोंडपाठ असणार.

दारं धरत धरत मी खालच्या अंगाला गेलो. एक सरी फुटली होती. ओणवा होऊन चिखल लावायला लागलो, तसा मोबाईल खिशातून घसरून पाण्यात पडला. भजन थांबलं. बॅटरी बांधावर होती, तिचा उजेड दुसरीकडं. मी चारी पायांवर, म्हणजे दोन हात दोन पायांवर, पाण्यात मोबाईल चाचपत होतो. तेवढ्यात बांधापलीकडून शेजाऱ्याच्या बॅटरीचा झोत नेमका माझ्या पाठीवर आला.

"आला रं आला! बिबट्या आला!"

हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बिबट्या म्हणजे मीच, हे त्या क्षणी सुचण्याजोगं नव्हतं. मला वाटलं, तो माझ्या मागं आहे. मी उठलो आणि पळालो. माझ्या मागून डबा वाजला, फटाक्यांची माळ लागली, दोन कुत्री सुटली. सऱ्या, पाट, बांध, कुणाचं तरी हरभऱ्याचं वावर, काही दिसलं नाही. मी जितका पळत होतो, तितकी मागं ओरड वाढत होती, आणि जितकी ओरड वाढत होती, तितका मी पळत होतो.

सकाळी चहाच्या टपरीवर वर्णन ऐकलं. नर होता. म्हशीच्या रेडकाएवढा. शेजारी म्हणाला, "ह्या डोळ्यांनी बघितलं. आधी चारी पायांवर व्हता, मग दोन पायांवर उठला आन् पळाला." कुणीतरी म्हणालं, आता हे शिकायला लागले. मी चहा फुंकत राहिलो.

दहाच्या सुमारास वनखात्याची माणसं ठसे बघायला आली. ओल्या सरीत ठसे उत्तम उमटले होते. त्यांतला वडीलधारा बराच वेळ खाली बसून बघत होता. मग उठला, हात झटकले आणि म्हणाला, "बिबट्याच्या पायात नऊ नंबरची स्लिपर आहे. डाव्या पायाचा अंगठा तुटलेला दिसतोय." सगळ्यांनी एकमेकांच्या पायांकडं पाहिलं. मी डावा पाय गवतात घेतला. गर्दीच्या मागं आई उभी होती. ती ना ठशांकडं बघत होती, ना गवताकडं. ती सरळ माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि तिनं विचारलं काहीच नाही.

दुपारी पुतणीचा फोन आला, बायकोच्या मोबाईलवर. माझा तांदळात पुरून ठेवला होता. म्हणाली, "काका, माझा स्टोल तुमच्याकडेच राहिला ना? राहू द्या. पाठवू नका. आता ते फारसं चालत नाही."

"चालत नाही म्हणतेस?" मी म्हटलं. "काल रात्री चांगलं पळत होतं."